विकायचे घर
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला आपण नेहमी बाहेरगावच्या एखाद्या विदुषींना बोलावतो. यंदा त्यांची गाडी चुकली की आपली निवड चुकली, कोण जाणे. पण हे काम माझ्या गळ्यात पडले. विषयसुद्धा तुम्हीच नेमून दिलात : "विकायचे घर कसे सजवावे." मी म्हटले, बायांनो, मला सजावटीतले काही कळत नाही. तेव्हा चिटणीसबाई म्हणाल्या, "मग गेल्या तीन वर्षांत आळीतल्या चार घरांत तुम्ही पदर खोचून काय करत होतात?" यावर मला उत्तर सुचले नाही. आणि पाचवे घर तर माझे स्वतःचेच होते.

आपल्या चाळीसगावात घरे का विकली जातात, ते तुम्हांला सांगायला नको. मुले पुण्याला, नाशिकला, कोणी सुरतेला. म्हातारा-म्हातारी उरतात, मग दोघांतले एक उरते. पोरांना शहरात घर घ्यायचे असते आणि पैसा इथल्या भिंतींत अडकलेला असतो. अशा वेळी आपण काय करतो? दारावर "विकणे आहे" अशी पाटी लावतो आणि घराकडे पाठ फिरवतो. "आता जायचेच आहे, कशाला झाडायचे?" ज्या घरात चाळीस वर्षे रोज पोतेरे फिरवले, त्याच्या कोपऱ्यात जळमटे लोंबू लागतात. गिऱ्हाईक येते, नाक मुरडते, आणि निम्मी किंमत सांगून जाते. दोष घराचा नसतो. आपण ते धड दाखवलेलेच नसते.

अमेरिकेत हे दाखवणे म्हणजे एक स्वतंत्र धंदाच आहे. बार्ब श्वार्झ नावाच्या बाईंनी सिएटलच्या बाजूला १९७२ साली तो सुरू केला असे सांगतात. नाटकाशी त्यांचा संबंध होता; त्यामुळे रंगमंच मांडावा तसे विकायचे घर मांडायचे, ही कल्पना त्यांना सुचली. तिकडे खुर्च्या-कोचदेखील भाड्याने आणून ठेवतात. ऐकून मला हसू आले. पण मग मनात आले की आपण खानदेशच्या बायका कानबाई बसवायच्या आधी दुसरे काय करतो? श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई येणार म्हटले की आठ दिवस घर उलथेपालथे होते. भिंती रंगवायच्या, भांडी घासायची, गोधड्या धुवायच्या, माळ्यावरचा कचरा काढायचा. भाऊबंद जमणार, देवी येणार, म्हणून आपण घराला त्याचे खरे रूप देतो. विकायच्या घराला तेच करायचे. फक्त येणारा पाहुणा देवी नसून गिऱ्हाईक असते.

आता "दाखवणे" हा शब्द आला की आपल्या पिढीच्या बायकांच्या पोटात गोळा येतो. १९७८ साली अमळनेरला मला पाहायला मंडळी आली होती. माझ्या मावशीने ऐन वेळी माझा चष्मा काढून घेतला आणि फडताळात ठेवला. "चष्म्याची मुलगी म्हटले की नाही म्हणतील." मी पोह्यांचे ताट घेऊन निघाले, उंबरठा काही दिसला नाही, आणि पोहे थेट सासरेबुवांच्या धोतरावर. ते म्हणाले, "मुली, तुला नीट दिसत नाही का?" मी म्हटले, "दिसते, पण चष्मा फडताळात आहे." माझी मावशी आत रडायला लागली आणि बाहेर सगळे हसायला लागले. लग्न ठरले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

आता कामाचे बोलते.

पहिली गोष्ट, घर रिकामे करा. विकून टाका किंवा देऊन टाका असे नव्हे, पण जागा मोकळी दिसली पाहिजे. आपल्या घरांत एकावर एक तीन ट्रंका, त्यांवर गाद्या, गाद्यांवर पापडांचे डबे. गिऱ्हाईक विचारते, "ही खोली केवढी?" आपण म्हणतो, "दहा बाय बारा." त्याला दिसते सहा बाय आठ. एका घरी मी गेले, तिथे सासूबाईंच्या काळची तांब्या-पितळेची उतरंड भिंत अडवून उभी होती. ती हलवली तर मागे खिडकी निघाली! सुनेला लग्न होऊन अकरा वर्षे झाली होती, तिने ती खिडकी पाहिलीच नव्हती. खिडकी उघडली, परसातल्या कडुनिंबाचा वारा आत आला आणि ती सून म्हणाली, "काकू, आता मला हे घर विकावेसे वाटत नाही." असेही होते.

दुसरी गोष्ट उजेडाची. आपल्या गावात उजेडाची शाळाच आहे. पण आपण तिच्यावरून रोज भाजी घेऊन जातो आणि आत जात नाही. स्टेशनजवळचे कलामहर्षी केकी मूस यांचे घर मी म्हणते आहे. हा थोर छायाचित्रकार कित्येक दशके घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. १९८९ साली ते गेले, आणि आज ते घर संग्रहालय म्हणून जपलेले आहे. मुलांना घेऊन एकदा जाऊन या. टेबलावर लहानसहान वस्तू मांडायच्या, त्यांवर उजेड हवा तसा पाडायचा, आणि छायाचित्र असे घ्यायचे की पाहणाऱ्याला अख्खा निसर्ग समोर पसरल्यासारखा वाटावा, ही त्यांची खास कला. ते पाहिल्यावर मला कळले की वस्तू तीच असते, उजेड कुठून येतो त्यावर सगळे आहे.

तेव्हा गिऱ्हाइकाला घर कोणत्या वेळी दाखवायचे हे तुम्ही ठरवा. पूर्वेचे दार असेल तर सकाळी आठ-नऊला बोलवा. वैशाखात भर दुपारी दोन वाजता बोलावू नका. आपले ऊन पंचेचाळीस अंशांवर जाते, त्या वेळी राजवाडासुद्धा भट्टी वाटेल. धाब्याचे जुने घर असेल तर मात्र उन्हाळ्यात दुपारी अवश्य दाखवा. जाड भिंत आणि वरची माती यांमुळे आत शिरताच जो गारवा लागतो, तो शंभर शब्दांत सांगता येणार नाही. पडदे बाजूला करा, मिणमिणते दिवे बदला, खिडकीच्या काचा वर्तमानपत्राच्या कागदाने पुसा. याला शंभर-दोनशे रुपयांपलीकडे खर्च नाही.

तिसरी गोष्ट, लहान दुरुस्त्या. गळका नळ, कुरकुरणारी बिजागरी, न लागणारी कडी, न्हाणीतली तुंबलेली मोरी. गिऱ्हाईक मनात म्हणते, "यांनी नळाचा दोन रुपयांचा वायसर बदलला नाही, तर वरच्या धाब्याचे काय केले असेल?" आणि त्याचे चुकत नाही. वास यायला नको म्हणून काही घरांत चार-चार उदबत्त्या लावून ठेवतात. त्याने संशय वाढतो. मोरी धुवा, खिडकी उघडा, बस्स. मोठा खर्च मात्र करू नका. नवे ओटे, नवी फरशी, रंगीत छत, हे सगळे घेणारा आपल्या आवडीने फोडणार आणि आपल्या आवडीने करणार. त्याच्या हौसेवर तुम्ही का खर्च करावा?

चौथी गोष्ट नाजूक आहे. अमेरिकेतले लोक सांगतात की घरच्या माणसांच्या तसबिरी आणि देवादिकांची चित्रे काढून ठेवा, म्हणजे घेणाऱ्याला ते घर आपले वाटू लागते. यातले निम्मे मला पटते. भिंतभर हार घातलेल्या फोटोंमधून पाच-सहा स्वर्गवासी मंडळी डोळे वटारून बघत असली, की नवी सून तिथे संसाराचे स्वप्न कसे पाहील? ते फोटो काढून ट्रंकेत नीट गुंडाळून ठेवा. पण देव्हारा राहू द्या. आपल्याकडे घर पाहायला बायका येतात, त्या आधी स्वयंपाकघर पाहतात आणि मग हळूच विचारतात, "दिवा कुठे लागतो?" ज्या घरात सांजवात होते त्या घरात भांडण कमी, अशी आपली समजूत. ती खरी की खोटी हे मी सांगत नाही. पण कोनाड्यातली तेलाची जुनी खूण पाहून एका म्हातारीने तिथल्या तिथे सुनेला "घेऊन टाका" म्हटलेले मी ऐकले आहे.

पाचवी गोष्ट कागदांची. आपण भिंती सजवतो आणि कागद मात्र गहू-बाजरीच्या कोठीमागे कोंबलेले असतात. एक स्वच्छ पिशवी करा. तीत जुने खरेदीखत, सिटी सर्व्हेचे मालमत्ता पत्रक, घरपट्टी-पाणीपट्टीच्या भरलेल्या पावत्या, विजेचे बिल, कर्ज फिटले असल्यास बँकेचा दाखला, आणि घरधनी वारले असतील तर वारसांची नोंद. घेणाऱ्याने मागितल्यावर यांतले मालकीहक्काचे कागद दाखवणे कायद्याने विकणाऱ्यावर बंधनकारकच आहे. आणि भगिनींनो, वारसांत लेकीसुद्धा येतात. २००५ च्या दुरुस्तीपासून हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. बहिणीला आयत्या वेळी सहीपुरते बोलावण्याची आपल्याकडे रीत पडली आहे, ती वाईट. घर विकायचे ठरवायला तिला बोलवा. सहीला ती आपण होऊन येईल.

आता सहावी आणि शेवटची गोष्ट भिंतींची. इथे मला माझी स्वतःची चूक सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ती सांगावी की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. पण तुमच्यातल्या निम्म्या जणींना ती अर्धीमुर्धी ठाऊक आहेच. तर पुरती ऐका.

आमचे घर तितूर नदीपासून फार लांब नव्हते. चार खणांचे जुने धाब्याचे घर, सागवानी खांब, पुढे ओसरी आणि मागे नंतर बांधलेली स्लॅबची एक खोली. २०२१ सालच्या ३१ ऑगस्टची पहाट तुम्ही कोणी विसरला नसाल. रात्रभर डोंगरात पाऊस कोसळला होता, कन्नड घाटात दरडी आल्या होत्या, आणि तितूर व डोंगरी या दोन्ही नद्या एकदम गावात शिरल्या. यजमानांनी मला हाक मारली तेव्हा पलंगाखाली पाणी होते. आम्ही देव एका पिशवीत आणि कागद दुसऱ्या पिशवीत घेतले आणि धाब्यावर गेलो. दुपारनंतर खाली उतरलो तर घरभर चिखल, आणि चारही भिंतींवर एकसारखी तपकिरी रेघ. फरशीपासून साडेतीन फूट. जणू कोणी दोरी धरून आखली होती.

चिखल आम्ही काढला. रेघ राहिली. दुसऱ्या वर्षी यजमान गेले. मुलगा पुण्याहून म्हणाला, "आई, आता एकटी राहू नकोस. हे घर काढू आणि तुला स्टेशनच्या बाजूला लहानशी जागा घेऊ." २०२३ च्या उन्हाळ्याआधी घर विकायला काढले. तोवर रेघेच्या खालच्या भिंतीला खार फुटू लागला होता. सकाळी झाडून काढावे तर संध्याकाळी पुन्हा पांढरी पूड.

एक मध्यस्थ आले. त्यांनी भिंत पाहिली आणि म्हणाले, "बाई, काही काळजी करू नका. खाली चार फुटांपर्यंत प्लॅस्टिकच्या पट्ट्या ठोकू, वर लांबीपुट्टी करून चकचकीत रंग मारू. घर नव्या नवरीसारखे दिसेल." आमच्या ओळखीचे एक म्हातारे गवंडी आहेत, त्यांना मी विचारले. त्यांनी भिंतीवर नख फिरवले, हाताला लागलेली पूड पाहिली, आणि अहिराणीत म्हणाले, "माय, अर्धी भिंत तुमनी शे, अर्धी नदीनी शे." मला हसू आले. मी मध्यस्थांचे ऐकले. पट्ट्या ठोकल्या गेल्या. रंग झाला. उतरंड हलली, काचा पुसल्या, दिवे बदलले. मी आत्ता तुम्हांला जे जे सांगितले ते सगळे केले, आणि घर खरोखर देखणे दिसू लागले.

मे महिन्यात एक कुटुंब आले. ती दवाखान्यात परिचारिका, नवरा एका दुकानात, बरोबर सासू आणि चार वर्षांचा मुलगा. त्यांना घर आवडले. एकवीस लाखांवर बोलणे आले. दुसऱ्या दिवशी इसार द्यायचे ठरले. जाताना ती मुलगी आतल्या खोलीत थांबली, त्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर तिने हात फिरवला आणि म्हणाली, "किती स्वच्छ आहे हो. इथे खाली गादी टाकली तर बाळाला भिंतीशी खेळता येईल. त्याला दम्याचा त्रास आहे, म्हणून आम्ही ओलीची खोली सोडतोय."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी उठले, दिवा लावला आणि त्या पट्टीला कान लावून बसले, जणू आतली भिंत मला काही सांगणार होती. आणि मला माझी मावशी आठवली. तिने माझा चष्मा लपवला, तो माझ्याच भल्यासाठी असे तिला वाटले. पण तसे लग्न झाले असते तर रोज उठून अडखळायचे कोणी? मीच ना? इथे अडखळणार होते ते दम्याचे लेकरू.

सकाळी मी तिला फोन केला आणि सांगितले, "इसार आणू नका. आधी या आणि भिंत पाहा." ती आली. माझ्याच हाताने मी एक पट्टी उचकटली. आतून ओलसर वास आला. तिने रेघ पाहिली, माझ्याकडे पाहिले, आणि एक शब्द न बोलता निघून गेली. बायांनो, माझ्यावर पुष्कळ प्रसंग आले, पण त्या न बोलण्याइतकी लाज मला कशाची वाटली नाही. मध्यस्थ रागावून गेले ते परत आले नाहीत. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, एवढे सांगायची काय गरज होती? ज्याने त्याने पाहून घ्यावे."

तोच प्रश्न घेऊन मी एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी सांगितले की १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातले ५५ वे कलम याच गोष्टीबद्दल आहे. मिळकतीत मोठा दोष असेल, तो विकणाऱ्याला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि साधी काळजी घेऊनही त्याला दिसण्यासारखा नसेल, तर तो सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. न सांगणे म्हणजे कायद्याच्या भाषेत फसवणूक. मी म्हटले, बाई, उघड्या भिंतीवरची रेघ कोणालाही दिसली असती. ती न दिसण्यासारखी मीच केली होती.

केकी मूस यांच्या टेबलाचा मी मघाशी उल्लेख केला. त्या छायाचित्रात टेबलावरचा देखावा डोंगर भासला तर आपण वाहवा म्हणतो, कारण त्या डोंगरावर कोणाला संसार थाटायचा नसतो. माझ्या भिंतीशी एका लेकराची गादी पडणार होती.

मग मी सगळ्या पट्ट्या काढल्या. गवंडीबाबांना पुन्हा बोलावले. ते एवढेच म्हणाले, "आता भिंतीला श्वास घेऊ द्या." त्यांनी जे करून दाखवले ते मी तुम्हांला सांगते, कारण नदीकाठच्या पुष्कळ घरांना ते उपयोगी आहे.

खार म्हणजे काय? जमिनीतले किंवा पुराचे पाणी विटांच्या बारीक छिद्रांतून वर चढते, दिव्याच्या वातीत तेल चढते तसे. त्याबरोबर क्षारही चढतात. पाणी वाळते, क्षार मागे राहतात, त्यांचे खडे होतात आणि ते आतून गिलावा फोडतात. त्यावर तेलाचा रंग किंवा प्लॅस्टिक लावले की पाण्याला बाहेर पडायची वाट बंद होते आणि ते आणखी वर चढते. म्हणून आधी पाण्याचे मूळ शोधायचे : पन्हाळ तुटली आहे का, न्हाणीचा नळ भिंतीत झिरपतो का. ते दुरुस्त करायचे. मग फुगलेला गिलावा खरवडायचा. खार कोरड्या कुंच्याने झाडायचा आणि ती पूड बाहेर टाकायची. पाण्याने धुवायचा नाही, नाहीतर तो विरघळून पुन्हा आत जातो. मग दारे-खिडक्या उघड्या टाकून भिंत महिनोन्‌महिने वाळू द्यायची. आपल्या मे महिन्याचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा.

भिंत वाळली की सिमेंट नको, चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचीच सफेदी. कळीचा चुना पाण्यात विरवताना पाणी उकळते, तेव्हा मुलांना दूर ठेवा आणि डोळे सांभाळा. तो गाळून पातळ करा, थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घाला, भिंत किंचित ओली करून दोन-तीन पातळ हात द्या. चुना हवेतला कार्बन वायू घेऊन हळूहळू दगडासारखा होतो, पण त्यातून ओल बाहेर पडू शकते. दिसायला तो चकचकीत नसतो. पण त्या पांढऱ्या भिंतीवर सकाळचे ऊन पडले की खोली आपोआप मोठी दिसते.

भेगांचेही त्यांनी शिकवले. आपली काळी जमीन उन्हाळ्यात फाटते आणि पावसात फुगते, म्हणून दाराच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा जातात. भेग पुट्टीने बुजवू नका. तिच्यावर आडवा सिमेंटचा एक टिळा लावा आणि शेजारी तारीख लिहा. वर्षभरात टिळा तडकला नाही तर भेग जुनी आहे, निजलेली आहे. तडकला तर ती जागी आहे. गिऱ्हाइकाला तो तारखेचा टिळा दाखवा. दहा गोड शब्दांपेक्षा त्याला तो अधिक पटतो.

सगळे झाल्यावर मी एक काम केले. आतल्या खोलीत, साडेतीन फुटांवर, पेन्सिलीने एक बारीक रेघ मारली आणि शेजारी लिहिले : "३१-८-२०२१." मुलगा आला होता, तो कपाळावर हात मारून म्हणाला, "आई, लोक घराचे गुण लिहितात, तू दोष लिहितेस."

पावसाळा गेला. चार-पाच गिऱ्हाइके आली, रेघ पाहून गेली. मी खचले, हे कबूल करते. दिवाळीच्या सुमारास दारावर थाप पडली. तीच परिचारिका. बरोबर तिचे वडील, जन्मभर बांधकामावर काम केलेले. ती म्हणाली, "पावसाळाभर भिंत कशी राहते ते पाहायचे होते, म्हणून थांबले." तिच्या वडिलांनी भिंतीवर हात ठेवला, हुंगून पाहिले, टिळे पाहिले, आणि म्हणाले, "घर चांगले आहे. पण पाणी येते ते येतेच. एकोणीस लाख पंचवीस हजार." मी हो म्हटले. एकवीसातले पावणेदोन लाख गेले. मुलगा म्हणाला, "आई, एक वाक्य बोलायचे तुला पावणेदोन लाख पडले."

भगिनींनो, ते पैसे लहान नव्हते. खरे बोलले की नुकसान होत नाही, असे मी तुम्हांला सांगणार नाही, झाले. माझ्या नव्या जागेत एक खोली कमी आली. पण एक गोष्ट सांगते. तिने घरात पाऊल ठेवल्यावर विजेची सगळी बटणे आणि खटके त्या रेघेच्या वर घेतले. धान्याच्या कोठ्या, मुलाची औषधे, कपाटातले कागद, सगळे रेघेच्या वर. बाळाचा पलंग उंच करवला, आणि तो आतल्या खोलीत न ठेवता मागच्या स्लॅबच्या कोरड्या खोलीत ठेवला. मागे एकदा नदीला पाणी वाढल्याची हाकाटी झाली तेव्हा तिने मला फोन केला, "काकू, काळजी करू नका, आमचे सगळे तुमच्या रेघेच्या वर आहे." तुमची रेघ, म्हणाली. घर तिचे झाले होते, रेघ अजून माझी होती. ते ऐकून मला हसू आले आणि डोळ्यांत पाणीही आले.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. ते घर तिने स्वतःच्या एकटीच्या नावे घेतले. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून राहते घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. त्यात तिचे एकोणीस हजारांच्या वर वाचले. त्या पैशांत बटणे वर घेण्याचा खर्च निघाला. तुम्ही घर घ्याल तेव्हा हे विसरू नका. जे घर आपण झाडतो, सारवतो, सजवतो, त्याच्या कागदावर आपले नाव असायला काय हरकत आहे?

तर तुम्ही मला विचारलेत, विकायचे घर कसे सजवावे. मी म्हणेन, खिडकीसमोरची उतरंड हलवा, काचा पुसा, नळ दुरुस्त करा, कागद पिशवीत घाला, सकाळच्या उन्हात दार उघडा. घरात जे चांगले आहे ते सगळे उजेडात आणा, यात कसूर करू नका. आणि जे वाईट आहे, त्याचीही जागा दाखवा. आपण त्या घरातून निघून जातो. दुसरी एक बाई त्याच ओसरीवर तांदूळ निवडायला बसणार असते. तिला चष्म्यासकट घर द्यावे, म्हणजे तिला उंबरठा दिसेल.